सात पुरुषांची विहीर

सोलापूरला जाऊन आलो हे कळल्यापासून मडगावात जो भेटतो तो चादरी विचारतो. चादरी आणल्या आहेत, दोन. पण सांगण्यासारखं जे घडलं ते शहरात नाही. शहराच्या दक्षिणेला मंद्रूप म्हणून मोठं गाव आहे, त्याच्याही पुढे एका विहिरीवर घडलं. आपल्यापैकी तिकडे कुणी जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जाण्याचं कारण. माझी थोरली बहीण सोलापूरला दिलेली आहे. भावोजी तिथल्या एका गिरणीत इंजिनाकडे असतात. फाल्गुनात त्यांचं पत्र आलं. त्यांच्या ओळखीच्या एका धनगर बाईच्या विहिरीला तळाशी काळा खडक लागला होता. सुरुंगाशिवाय तो हलणार नव्हता, आणि सुरुंगाची जी वात मिळाली होती तिच्यावरचा परदेशी कागद मीटर-सेंटिमीटरचा. 'इथं फूट-इंचापलीकडे कुणाला काही कळत नाही. तू रोज हेच करतोस. चार दिवस येऊन जा,' असं भावोजींनी लिहिलं होतं.

खरंच, मी रोज हेच करतो. बंदराच्या कामाला दगड जातो त्या खाणीवर बारा वर्षं मी वाती मोजून देतो. वात पेटवणारा माणूस सुखरूप लांब पोचला पाहिजे, इतकी ती लांब हवी. एवढंच माझं काम. बारा वर्षांत माझ्या मोजमापाने कुणाचं नखही गेलेलं नाही. त्या गुर्मीतच मी गाडीत बसलो.

हद्दीपलीकडे

कॅसलरॉकला आपली पोर्तुगीज हद्द संपते आणि तिच्याबरोबर किलोमीटरही संपतो. रुळांच्या कडेचे दगड एकाएकी मैल सांगू लागतात. शेजारच्या हुबळीकर गृहस्थांना मी विचारलं, 'गदग किती लांब?' त्यांनी मैल सांगितले. मी मनातल्या मनात किलोमीटर करीत बसलो, तेवढ्यात एक स्टेशन निघून गेलं. गंमत म्हणजे ज्या रुळांवरून ही सगळी इंग्रजी गाडी धावते, त्यांच्यातलं अंतर बरोबर एक मीटर. मीटरला घरात घ्यायचं नाही, पण त्याच्या पाठीवर बसून हिंडायचं!

विजापूर मागे पडल्यावर बाहेर काही दिसेनासं झालं. काळोख झाला म्हणून नव्हे. पाहण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून. जोंधळा काढून झालेला, काळी जमीन भेगाळलेली, झाड कोसावर एखादं. आपल्याकडे डोळ्याला अडवायला माड असतो, टेकडी असते. इथे नजर सुटली की सुटलीच. मला ते पहिल्यापासून आवडलं नाही.

सोलापूर

बहिणीकडे दोन दिवस राहिलो. गेल्या गेल्या ती म्हणाली, 'परवा ह्यांना शंभर ताप होता.' मी कपबशी खाली ठेवून उठलोच. आपल्याकडे शंभराला पाणी उकळतं! मग भावोजींनी त्यांचा तापमापक दाखवला आणि सगळे मला हसले. बाजारात गेलो तर दुकानदाराने 'मीटर म्हंजी कसला माल?' असं विचारून आणखी हसवलं. कापड वारावर, दूध शेरावर, अंतर मैलावर. दिवसभर डोक्यात गुणाकार-भागाकार चालू, आणि संध्याकाळी कपाळ ठणकायचं. पण दुकानात चूक झाली तर लोक हसतात, एवढंच होतं.

मंद्रूपच्या पुढे

मंद्रूपपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. वस्ती म्हणजे तीन खोपटी, दगडी कुंपणाचा मेंढवाडा, एक कडुलिंब आणि शंभरेक पावलांवर ती विहीर. बाईचं नाव गंगव्वा. वय पन्नाशीचं, कपाळ मोकळं, बोलणं थोडं. घरात दुसरं माणूस म्हणजे तिचा दीर हणमंता, पंचविशीचा हसरा गडी. याशिवाय खोदकामाला वडारांची एक टोळी होती आणि तिचा मुकादम यल्लप्पा. कागद वाचू शकणारा तो एकटाच.

माणसं दोन, पण घर दोघांचं वाटत नव्हतं. चुलीवरचा हंडा पंधरा जणांना पुरेल असा. दाराशी भिंतीला धनगरांच्या सहा काठ्या ओळीने टेकवलेल्या, धूळ बसलेल्या. हणमंता सातवीच घेऊन हिंडायचा. आणखी एक गोष्ट मी त्याच संध्याकाळी पाहिली. मेंढरं घरी येताना सरळ वाटेने यायची नाहीत. विहीर आली की सगळा कळप रुंद वळसा घालायचा, आणि त्या वळशात एकही मेंढरू आवाज करायचं नाही.

जेवण मात्र राजाचं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर घट्ट दही, आणि प्रत्येक भाकरीवर तुपाचा गोळा. मासळीवाचून माझं अडेल असं वाटलं होतं, पण मी तीन भाकरी खाल्ल्या. हणमंताच्या ताटात भाकरी आणि कांदा एवढंच. पाहुण्याचा मान असेल, असं मी धरलं. आपल्याकडे यजमान पाहुण्याबरोबर जेवतो. इथे गंगव्वा समोर बसून मी जेवतो आहे ते पाहत होती.

'घरी कोन कोन हाय?' तिनं विचारलं.

आईवडील नाहीत, लग्न केलं नाही, हे मी सांगितलं.

'म्हंजी मागं कुनी न्हाय म्हना की.'

'बहीण आहे सोलापूरला.'

'तिला तिचं घर हाय,' ती म्हणाली. 'बरं हाय.' आणि तिनं आणखी तूप वाढलं.

मला हसू आलं. लोक अशा वेळी चुकचुकतात, ही बाई 'बरं हाय' म्हणते! माणदेशी असो की सोलापुरी, धनगर माणूस तोंडदेखलं बोलत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली.

जेवणानंतर मी वही काढून विहिरीची खोली विचारली. ती लगेच म्हणाली, 'सात पुरुस लागत्यात हिला. सा झाल्यात. येकच राह्यलाय.'

मी लिहून घेतलं: लागणार सात पुरुष, झाले सहा.

पुरुष म्हणजे किती

पुरुष हे माप मी ऐकून होतो. माणसाची उंची, असा माझा अंदाज. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यल्लप्पाला म्हणालो, 'उभा राहा, तुला मोजतो.' तो खोपटाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात सरळ वर केले.

'हात खाली घे,' मी म्हणालो.

'हात वर करूनच पुरुस धरत्यात, सायेब. हिरीचं माप हाय हे.'

'का बरं?'

'पान्यात गेल्याला माणूस हात वरच करतोय की,' यल्लप्पा अगदी सहज म्हणाला.

मी टेप लावला. दोन मीटर दहा. वहीत आकडा लिहिताना त्या उन्हातही माझ्या मानेवर काटा आला. विहीर म्हटली की आपण पाणी मोजतो, दोर मोजतो. ही माणसं आत एकाच्या डोक्यावर एक बुडणारे उभे करतात, हात वर केलेले, आणि त्यांची संख्या सांगतात.

मग कमरेला दोर बांधून आत उतरलो. वडारांनी मोटेच्या चाकावरून मला हळूहळू सोडलं. आपल्या विहिरींना तांबडी चिऱ्याची भिंत असते, नेचे असतात, बेडूक असतात. इथे काळा दगड, कोरडा, पहारीच्या घावांनी भरलेला. दहाएक मीटरवर गेल्यावर वरचे आवाज तुटले. वडार वर बोलताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. माझाच श्वास मात्र कानाजवळ दुसऱ्या कुणाचा असावा तसा येत होता. तळ कोरडा ठणठणीत. खडक मधोमध उंचावलेला, त्याच्या बुडाशी तेवढी ओल. मी त्या ओलीला हात लावला. चैत्राच्या दुपारी ती बर्फासारखी गार होती. खालच्या खडकामागे पाणी आहे, हे माझ्या तळहाताला कळलं, आणि तिथे एक क्षणही थांबू नये असंही वाटलं.

टेप सांगत होता चौदा मीटर सत्तर. वर येऊन मी भागाकार केला. दोन दहाने भागलं तर बरोबर सात. सहा नव्हे, सात! बाईच्या मापात एक पुरुष कमी. पुन्हा टेप सोडून पाहिला. चौदा सत्तरच.

गंगव्वा मेंढ्यांना पाला टाकत होती. मी जाऊन म्हणालो, 'अक्का, तुमचं माप चुकलं. सात पूर्ण झालेत.'

तिच्या हातातला पाला गळाला. ती म्हणाली, 'सातवा कवा झाला?' आणि वळून भिरभिर इकडे तिकडे पाहू लागली. मेंढवाड्याच्या कुंपणावर हणमंता दगड रचत होता, तो दिसल्यावर तिचा श्वास खाली बसला. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून ती म्हणाली, 'न्हाय. साच झाल्यात.'

मोजमाप दाखवलं तरी न मानणारी माणसं मी खाणीवर पुष्कळ पाहिली आहेत. वाद न घालता मी वही मिटली. पण ती हणमंताला का शोधत होती, हे मला कळलं नाही, आणि ते मनातून जाईना.

सुरुंग

तिसऱ्या दिवशी सुरुंगाचं भोक तयार झालं. वातीचा एक मीटर तुकडा मी घड्याळ लावून जाळून पाहिला होता. कागदावर लिहिल्याप्रमाणे दोन मिनिटं लागली. माणसाला सावकाश वर ओढायला दीड मिनिट. शिवाय लांब पळायला वेळ हवा. म्हणून दीड मीटर वात, म्हणजे तीन मिनिटं. पेटवायला मीच उतरणार असं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं.

पण सकाळपासून मी टेप घेऊन उन्हात उभा. साडेदहाच्या सुमाराला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसलो. हणमंता म्हणाला, 'तुमी बसा दादा लिंबाखाली. वात लावायला काय, बिडी लावल्यावानी तर लावायची. म्या जातो.' मला शरम वाटली, पण पाय उचलेनात. वहीचं पान फाडून त्यावर वातीचं माप लिहिलं, यल्लप्पाच्या हातात दिलं आणि डोक्यावर ओला पंचा घेऊन लिंबाखाली पडलो. गंगव्वा त्या वेळी मेंढरं घेऊन ओढ्याकडे गेली होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. डोळे उघडले तर गंगव्वा समोर उभी.

'तुमी हितं?' ती म्हणाली. 'तुमी हितं हाय, मग आत कोन हाय?'

'हणमंता उतरलाय. काळजी करू नका, भरपूर वेळ मिळेल.'

तिचं तोंड पाहिलं आणि मी उठून बसलो. इतकं पांढरं पडलेलं माणसाचं तोंड मी पाहिलं नव्हतं. तिला धीर यावा म्हणून मी विहिरीच्या काठावरच्या यल्लप्पाला ओरडून विचारलं, 'वात किती कापली रे?'

त्यानं उजवा हात कोपरात वाकवून वर धरला आणि डाव्या हातानं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं. 'चिठ्ठीत हाय तेवडी! येक फूट पाच इंच. हातभरच म्हना की!'

माझ्या अंगातलं ऊन उतरलं.

वाचकहो, आपण दीड कसा लिहितो? एक मांडतो, स्वल्पविराम देतो, पुढे पाच: १,५. आपल्या शाळेत, आपल्या कचेरीत, खाणीवर, सगळीकडे. बारा वर्षं मी तसंच लिहीत आलो. तिकडे एक आणि पाच यांच्यामध्ये अशी रेघ दिसली की माणूस फूट आणि इंच वाचतो. 'मीटर' हा शब्द मी लिहिलाच नव्हता. मला तो लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

एक फूट पाच इंच म्हणजे त्रेचाळीस सेंटिमीटर. त्रेचाळीस सेंटिमीटर म्हणजे पन्नास सेकंद. हा एकच भागाकार त्या प्रवासात माझ्या डोक्यात झटकन झाला.

मी काठाशी धावलो आणि आत ओरडलो, 'लावू नको!'

विहिरीनं तो शब्द घेतला, फिरवला आणि परत दिला, 'लावू... लावू... लावू...' 'नको' तेवढा तिनं ठेवून घेतला. तिच्या तळातून हणमंताचा आनंदी आवाज आला, 'लावली!'

दोर मोटेच्या चाकावरून येऊन, मोट ओढणारे बैल चालतात त्या उतरत्या धावेवर पडला होता. मी पोचायच्या आत गंगव्वा तिथे होती. तिनं दोर खांद्यावर घेतला आणि उतारावरून पळत सुटली. तिच्यामागे मी, यल्लप्पा, तीन वडार. सावकाश ओढायचं असतं, नाहीतर माणूस भिंतीवर आपटतो. ते कुणाला सुचणार! मी तोंडाने सेकंद मोजत होतो, पोर्तुगीजमध्ये, शाळेत पाठ केले तसे. बेचाळीसला चाक कर्कश ओरडलं आणि हणमंता कठड्याला घासून बाहेर येऊन पडला. यल्लप्पाने त्याला धरून बाजूला फरफटत नेलं. मग जमीन हलली. विहिरीतून काळा धूर आणि दगड वर गेले आणि बराच वेळ आमच्या आजूबाजूला पडत राहिले.

हणमंताचा खांदा सोलवटला होता आणि एक कान बधिर झाला होता. बाकी तो धड होता. गंगव्वा त्याला मारत होती, थोबाडीत, पाठीत, जिथे हात लागेल तिथे, आणि रडत होती. माणूस मरता मरता राहिला तो माझ्या एका स्वल्पविरामापायी, आणि तो देताना माझा हात क्षणभरही थबकला नव्हता. याची लाज मला आजही वाटते.

दुपारी यल्लप्पा माझ्याजवळ येऊन बसला. ती चिठ्ठी त्यानं मुठीत चुरगाळून धरली होती. मी त्याला स्वल्पविराम समजावून सांगितला. त्यानं चिठ्ठी उलगडून मांडीवर सपाट केली. मग म्हणाला, 'सायेब, तुमी गंगव्वाचं बोलनं वहीत लिवलंय न्हवं, सा पुरुस झाल्यात म्हनून?'

'हो. पण सात भरतात.'

'ती खोली सांगत न्हवती. मानसं सांगत हुती. आज्जेसासऱ्यापासनं तिच्या नवऱ्यापतुर सा गडी गेल्यात ह्या हिरीत. घरातलंच समदं. सातवा घेतल्याबिगर पानी न्हाय देनार, असं ती मानती.'

समोरच्या भिंतीला काठ्या टेकलेल्या होत्या. मी पुन्हा मोजल्या नाहीत.

निघताना

रात्रीत विहिरीला पाणी आलं. सकाळी हणमंता काठावर नाचत होता. मी टेप सोडला. एक मीटर पाच सेंटिमीटर. गंगव्वानं विचारलं, 'किती?' मी तिला कळावं म्हणून तिच्याच मापात सांगितलं, 'अर्धा पुरुष.'

'अर्धाच,' ती म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला गेली.

जेवायला बसलो तेव्हा ताटात तसंच दही, तसंच तूप. शेवटी मी विचारलंच. 'अक्का, विहीर सातवा मागते असं तुम्हाला वाटत होतं, तर सुरुंगाचा घाट घातलाच कशाला? घरात एकच तर माणूस उरला आहे.'

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. 'हनमंताला म्या धरलाच न्हवता,' ती म्हणाली. 'तुमाला धरलं हुतं. तुमी उतरनार हुता न्हवं? सोलापूरच्या दाजींनी सांगितलं, मेव्हना एकटाच हाय. तवाच म्या म्हनलं, या.'

माझा हात ताटातच राहिला. आवाजात तिच्या ना राग, ना लाज. पाऊस कधी येईल हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मला संतापायला हवं होतं, पण संताप येईना. खरं सांगतो, भीतीच वाटली. तीन दिवस ती माझ्यासमोर बसून मला जेवताना पाहत होती.

'वाईट मानू नगा,' ती म्हणाली आणि भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला. 'पोटभर जेवा. आनि पुढल्या साली या की. पानी अजून वाडवायचं हाय.'

गाडी जुंपली होती. हणमंतानं माझी पेटी वर ठेवली आणि बऱ्या कानाजवळ हात धरून हसत उभा राहिला. गंगव्वा पदर सावरून दारात आली. आपल्याकडे काय, तिकडे काय, कुणाच्याही उंबऱ्यावरून उठताना माणूस 'येतो' म्हणतो. 'जातो' हा शब्द अशुभ, तो तोंडातून काढायचा नाही, हे लहानपणी आईनं कान धरून शिकवलेलं. गंगव्वाही त्याच शब्दाची वाट पाहत माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी गाडीत चढलो, तिच्याकडे पाहून हात जोडले आणि तिला नीट ऐकू जाईल असं म्हणालो, 'जातो.'